सॅक्समध्ये ‘फ्रॅक्टल’ सापडला? आधी या चुका टाळा

डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातली लाल माती असो की प्रयोगशाळेत बनवलेलं फेराइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड), गोव्यातल्या नमुन्यांत लोह वारंवार भेटतं. स्मॉल अँगल एक्स-रे स्कॅटरिंगमध्ये, म्हणजे लहान कोनांत विखुरलेल्या क्ष-किरणांवरून नॅनोकणांचा आकार काढणाऱ्या सॅक्समध्ये, घोळ घालतं तेही हेच. तांब्याच्या ट्यूबमधल्या क्ष-किरणांची ऊर्जा ८.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर लोहाची शोषणकडा (जिच्यापुढे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ७.११ वर. त्यामुळे लोह हे किरण शोषतं आणि फ्लुओरेसन्समधून ६.४ चे स्वतःचे किरण चहूकडे सोडतं. डिटेक्टरला हा फरक कळला नाही, की सगळ्या आलेखाखाली एक सपाट थर साचतो.

खरी गफलत पुढे होते. गुळगुळीत पृष्ठभागाच्या कणांची तीव्रता पोरोदच्या नियमाप्रमाणे क्यूच्या (विखुरण्याच्या कोनाबरोबर वाढणाऱ्या राशीच्या) चौथ्या घाताने घटते. तो थर तसाच राहिला तर घात साडेतीनच्या आसपास दिसतो आणि प्रबंधात ‘सरफेस फ्रॅक्टल’ (प्रत्येक मापावर सारखाच खडबडीत पृष्ठभाग) अवतरतो! बॅकग्राउंड (नमुन्याच्या स्कॅटरिंगखेरीजची तीव्रता) जास्त वजा झालं तर घात चारच्या पुढे जातो. मग कणांच्या सीमा धूसर असल्याचे निष्कर्ष निघतात. म्हणून तीव्रता गुणिले क्यूचा चौथा घात हा आलेख क्यूच्या चौथ्या घातासमोर काढा. उजव्या टोकाला सरळ रेषा मिळाली तर तिचा चढ म्हणजेच उरलेला सपाट थर.

डिटेक्टरचा ऊर्जा-उंबरठा ६.४ च्या वर नेता येत असेल तर न्या. कोबाल्टची ट्यूब (६.९३) लोहाला जागं करत नाही. मँगनीज फेराइटला मात्र ती चालणार नाही, कारण मँगनीजची कडा ६.५४ वर आहे.

बॅकग्राउंडची वजाबाकी करताना नमुना आणि रिकामी कॅपिलरी (नमुना भरायची बारीक नळी), दोन्हींची तीव्रता आपापल्या ट्रान्समिशनने, म्हणजे आरपार गेलेल्या किरणांच्या प्रमाणाने, भागायलाच हवी. कॅपिलरी शक्यतो तीच वापरा. शिवाय तांब्याच्या किरणांसाठी घट्ट हेमॅटाइटची योग्य जाडी जेमतेम दहा मायक्रॉन असते. चिमूटभर पूड दाबून भरली की पलीकडे काही पोचतच नाही.

जुलैत ताळगावच्या पठारावर कागदसुद्धा दमट लागतो, तिथे सच्छिद्र सिलिका कोरडी कशी राहील? छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलं की तीव्रता सुमारे चौथाईवर येते. नमुना तापवून, सीलबंद करून मोजा.

लहान क्यूवरून कणाचा आकार काढणारं गिनिएचं फिटिंग क्यू गुणिले आरजी (कणाची गायरेशन त्रिज्या) १.३ च्या आत असेल तिथवरच धरा. द्रावण दाट असेल तर दोन-तीन सौम्य द्रावणंही मोजा, नाहीतर कण आहेत त्याहून लहान दिसतील.

टीईएमशी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी) आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. अगदी लहान कोनांत दुप्पट व्यासाचा एक कण लहान चौसष्ट कणांएवढं स्कॅटरिंग देतो, त्यामुळे सॅक्सची सरासरी मोठ्यांकडे झुकते. तुमचा सर्वांत लहान क्यू ०.१ प्रति नॅनोमीटर असेल, तर साधारण ३० नॅनोमीटरपलीकडच्या आकाराबद्दल त्या आलेखावरून दावा करू नका.