मेसमधलं दाण्याचं कूट: शेंगदाण्याची ॲलर्जी असताना हॉस्टेलवर कसं जेवायचं

पोह्यांतला शेंगदाणा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तो सहसा पोटात जात नाही. घात करतं ते कूट. भेंडीच्या भाजीवर शेवटी मूठभर पडतं, काकडीच्या कोशिंबिरीत पडतं, भरल्या वांग्याच्या मसाल्यात असतं, अळूच्या पातळ भाजीत अख्खे दाणे असतात आणि रस पातळ झाला की आमटीतही थोडं ढकललं जातं. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकात कूट मिठासारखं वापरतात, म्हणून ते घातल्याचं आचाऱ्यालाही वेगळं आठवत नाही. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ असं विचारलं की तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याच्या लेखी शेंगदाणे म्हणजे अख्खे दाणे.

म्हणून पहिला नियम: ‘आहे का’ असं विचारायचं नाही, ‘काय काय घातलंय’ असं विचारायचं. ‘काका, आज भाजीत काय काय पडलंय, पहिल्यापासून सांगा ना.’ तेल, मोहरी, हिंग असं तो सांगत जातो आणि सांगता सांगता कुटाशी येतो. नाहीच आला, तर शेवटी नाव घेऊन विचारा: ‘दाण्याचं कूट? वरून काही भुरभुरलंय?’

निदान पक्कं करून या

दूध प्यायल्यावर पोट फुगणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात त्रास होतो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. मेसवाल्याला दोन्ही एकाच शब्दात सांगितलं तर तो दोन्ही सारखंच हलकं घेतो. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे पूर्वी काय खाल्लं, किती वेळात काय झालं हे नीट सांगा. त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाची तपासणी त्याला जोड देते. नुसती तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नव्हे. केसांवरून किंवा आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडावरून शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांचा इथे उपयोग नाही. अशी यादी घेऊन मेसमध्ये गेलं की खरा धोका कोणता हेच आचाऱ्याला कळत नाही.

शेंगदाणा तूर-मूग-हरभऱ्याच्या कुळातला आहे, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना डाळी चालतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डाळी सोडू नका, कारण शाकाहारी मेसमध्ये प्रथिनं मुख्यतः तिथूनच मिळतात. काजू, बदाम, अक्रोड आणि तीळ यांचं मात्र स्वतंत्रपणे विचारून घ्या.

डॉक्टरांकडून दोन कागद आणायचे. एक रेक्टरसाठी पत्र, ज्यात कशाची ॲलर्जी आहे आणि ती जीवघेणी ठरू शकते हे स्पष्ट लिहिलेलं असेल. दुसरा, त्रास सुरू झाल्यावर कोणतं औषध किती द्यायचं याचा एका पानाचा तक्ता. दमा असेल तर तोही दोन्हींवर लिहून घ्या, कारण दमा असलेल्यांत ॲलर्जीचा झटका जास्त गंभीर होतो.

बोलायचं ते डाव ज्याच्या हातात आहे त्याच्याशी

रेक्टर आणि मेस कमिटीला पत्र द्याच, पोच घ्या. कंत्राटदारही ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ म्हणेल. पण स्वयंपाक यांतलं कुणी करत नाही. दुपारची जेवणं आटोपल्यावर आणि रात्रीची तयारी लागण्याआधी, म्हणजे साधारण साडेतीन-चारला, स्वयंपाकघरात जाऊन महाराजांना, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, भेटा. जेवणाच्या गर्दीत केलेली विनंती तिथेच विरते.

पाच गोष्टी बघायच्या.

तेल. सोयाबीन, पाम किंवा सूर्यफुलाचं असेल तर ठीक. घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं उरतात, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांमुळेच. पूर्ण रिफाइंड तेलात ती जवळजवळ नसतात, पण डब्याची खात्री रोज कोण करणार? शेंगदाण्याचं तेल वापरात असेल तर दुसरी सोय मागा. तोंडी उत्तरावर थांबू नका, डब्यावरचं नाव वाचा.

तळण. कढईतलं तेल गाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरतात. काल त्यात चिवड्याचे दाणे तळले असतील तर आजच्या पुऱ्या आणि भजी तुमच्यासाठी बाद. उकळत्या तेलाने ॲलर्जी जळून जाते हा गैरसमज आहे. भाजण्या-तळण्याने शेंगदाण्याची प्रथिनं निकामी होत नाहीत.

मिक्सर. बहुतेक ठिकाणी कोरडं दळायचं भांडं एकच असतं. त्यात सकाळी कूट, मग हिरवी चटणी, मग आलं-लसूण. मध्ये नुसतं विसळलेलं असतं आणि पात्याखालच्या खाचेत भुगा राहतो. म्हणून मेसमधली कुठलीही चटणी आणि ठेचा घेऊ नका, तो ‘नुसत्या मिरचीचा’ असला तरी.

ग्रेव्ही. ‘काजू ग्रेव्ही’ असं फळ्यावर लिहिलेलं असलं, तरी स्वस्त मेसमध्ये दाटपणासाठी शेंगदाणे किंवा मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या बिया) वाटून घालण्याची पद्धत आहे. रविवारच्या पनीरच्या भाजीची चौकशी म्हणूनच आमटीपेक्षा कसून करा.

कूट कधी पडतं. सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हाच. कोरड्या भाज्यांत ते बहुधा शेवटी पडतं. म्हणजे त्याआधी एक वाटी भाजी बाजूला काढता येते. झाकणाचा स्टीलचा डबा स्वतः आणून द्या, त्याला लाल चिकटपट्टी लावा, वर नाव आणि खोली नंबर. डबा फळीवर सगळ्यात वरच्या बाजूला ठेवायला सांगा, कोरडं कूट खाली सांडतं. आणि रोज नको, आठवड्यातल्या कूटवाल्या तीन-चार भाज्यांपुरतंच मागा. रोजचं वेगळं काम आचारी पंधरा दिवस करतो, मग विसरतो. मोजकं मागितलं तर टिकतं.

आता कार्ड. अनेक मेसमध्ये स्वयंपाकी आणि वाढपी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा किंवा नेपाळचे असतात. ‘कूट’ हा शब्द त्यांना माहीत असेलच असं नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत लिहून, प्लास्टिक चढवून, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिक्सरजवळ लावा:

‘मला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी आहे. दाणे, कूट, शेंगदाणा तेल, दाण्याची चटणी यांतलं काहीही, चिमूटभरसुद्धा चालत नाही. तोच चमचा किंवा डाव लागला तरी त्रास होतो.’

‘मुझे मूंगफली से जानलेवा एलर्जी है। मूंगफली का दाना, पाउडर, तेल, चटनी, कुछ भी नहीं चलेगा। मूंगफली वाला चम्मच मेरे खाने में मत डालिए।’

खाली फोटो आणि मोबाइल नंबर. फोटो हवाच, वाढप्याला नाव नव्हे, चेहरा लक्षात राहतो.

‘थोडंसं खाल्लं तर काय होतं, सवय होईल’ हे कुणी ना कुणी म्हणणारच. वाद घालत बसू नका. ‘काका, मागे दवाखान्यात न्यावं लागलं होतं’ एवढं पुरतं, जर ते खरं असेल तर. नसेल तर डॉक्टरांचं पत्र दाखवा.

रांगेतला रोजचा क्रम

मेस उघडताच पहिल्या दहा जणांत जा. तेव्हा प्रत्येक पातेल्यात त्याचाच डाव असतो. अर्ध्या तासात कोशिंबिरीचा चमचा वरणात आणि भाजीचा डाव भातात फिरतो, आणि तिथून पुढे कुठलंच पातेलं खात्रीचं राहत नाही. उशीर झाला तर मागच्या, न उघडलेल्या पातेल्यातून वाढायला सांगा.

ताट, वाटी, चमचा स्वतःचा ठेवा. मेसची ताटं एकाच टबात बुचकळून निघतात. हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याची प्रथिनं काढत नाही. टेबलही ओल्या फडक्याने पुसून घ्या.

साधा भात, फोडणी न दिलेलं वरण, पोळी, दही, ताक, उकडलेलं अंडं, केळं हा भरवशाचा गाभा. पोळ्या मात्र कुठे लाटल्या जातात ते बघा. गूळपोळीच्या दिवशी पोळपाट तोच असतो. कोशिंबीर, उसळीवरचं फरसाण, मिसळ, भेळ, सुट्टा चिवडा, भरली भाजी आणि ठेचा कायमचे वर्ज्य. बाकीचं विचारून.

शंका आली तर तो पदार्थ सोडा. बोटाने चाखून बघणं, ओठाला लावून बघणं हे प्रकार नकोत. आणि पदार्थ चुकून वाढला गेला तर तो बाजूला सारून उरलेलं खाऊ नका, ताट बदला.

उपवासाचे दिवस

आषाढी एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि दर महिन्याची संकष्टी या तारखा वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी होते, म्हणजे किलोंनी कूट दळलं जातं. ते ओट्यावर, हातांवर, एप्रनवर, मिठाच्या डब्यात सगळीकडे पोचतं. उपवास नसलेल्यांसाठी वेगळी भाजी असली तरी ती त्याच ओट्यावर होते. त्या दिवशी मेस बंद आहे असं समजून खोलीतलं खा, किंवा आदल्या दिवशीच सोय करा. संक्रांतीच्या आठवड्यात तिळगूळ आणि गूळपोळी दोन्हींत दाण्याचं कूट असू शकतं. हातावर ठेवलेला तिळगूळ नाकारणं अवघड जातं. तो घेऊन मित्राला द्या आणि हात धुवा.

खोलीतला साठा

दोन दिवस निभतील एवढं कोरडं ठेवा: खजूर, दूध पावडर, सीलबंद ओट्स, भाजलेला रवा, बिस्किटांचे पुडे. भारतात पाकिटबंद पदार्थांवर शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट असतील तर तसं जाहीर करणं 2020 च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक आहे. या यादीत तीळ नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. नेहमीचा पुडा असला तरी दर वेळी मागची बाजू वाचा, कंपन्या घटक बदलतात. फरसाणच्या दुकानातल्या सुट्या मालावर काही लिहिलेलंच नसतं, तो घेऊ नये.

गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी एक जाता जाता: बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भात-वरण सुरक्षित वाटतं आणि फोडणी घात करते.

औषध

झटक्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. सेटिरिझिन ही ॲलर्जीची नेहमीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण चढायला वेळ घेते आणि बंद होणारा घसा किंवा पडणारं ब्लडप्रेशर थांबवत नाही. गोळी घेऊन खोलीत पडून राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. परदेशातून मागवता आलं तर उत्तम, नाहीतर डॉक्टर 1 मिलीची, 1 मिग्रॅ ताकदीची ॲम्प्यूल (औषधाची सीलबंद काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून देतात. मात्रा शरीराच्या किलोमागे 0.01 मिग्रॅ, जास्तीत जास्त 0.5 मिग्रॅ, म्हणजे अर्धा मिली. तुमची नेमकी मात्रा डॉक्टरांकडून तक्त्यावर लिहून घ्या आणि भरायचं कसं, टोचायचं कसं हे त्यांच्यासमोर करून दाखवा. इन्सुलिनची सिरिंज चालत नाही. तिची सुई आखूड असते, औषध कातडीखालीच राहतं. साधारण 1 इंच सुई लागते. हे औषध शिरेत द्यायचं नसतं, तेही तक्त्यावर लिहा.

दोन संच ठेवा, एक सॅकमध्ये, एक खोलीत. कुलूपबंद कपाटात नको. ॲम्प्यूल उन्हापासून जपा, गोठू देऊ नका, तांबूस झाली किंवा तारीख उलटली की बदला. रूममेटसह किमान तिघांना दाखवून ठेवा. एकटा रूममेट नेमका गावी गेलेला असतो.

त्रास सुरू झाला तर

तोंडात खाज, अंगावर गांधी, ओठ सुजणं ही सुरुवात असू शकते. आवाज घोगरा होणं, घसा आवळणं, धाप, सतत खोकला, पुन्हा पुन्हा उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसलं तर लगेच इंजेक्शन. अंगावर गांधी नसल्या तरीही. थांबून बघू, असं करायचं नाही.

टोचल्याची वेळ बघा. दुसऱ्याने 108 किंवा 112 ला फोन करून ‘ॲलर्जीचा गंभीर झटका, श्वास अडतोय’ असं सांगावं आणि हॉस्टेलचं नेमकं गेट सांगावं. रुग्णाला आडवं करून पाय उंच करा. धाप लागत असेल तर बसू द्या, उलट्या होत असतील तर कुशीवर. उभं करून बाथरूमपर्यंत चालवत नेऊ नका. अशा वेळी एकदम उठल्याने रक्तदाब कोसळतो. दुचाकीवर मध्ये बसवून नेणंही म्हणूनच धोक्याचं. 5 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा.

बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच आणि डॉक्टर सांगतील तोवर, सहसा निदान 4 ते 6 तास थांबायचं. काही जणांना पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येतो.

दुसऱ्या दिवशी मेसच्या वहीत तारीख, वेळ, पदार्थ लिहा आणि त्या पदार्थात काय काय पडलं होतं ते आचाऱ्याकडून शेवटच्या फोडणीपर्यंत विचारून घ्या. भांडण करायला जाऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही. वापरलेली ॲम्प्यूल त्याच दिवशी पुन्हा आणा. आणि नव्या वर्षी कंत्राट बदललं की भिंतीवरचं कार्ड नव्या रंगाखाली गेलेलं असतं. पहिल्या जेवणाआधी साडेतीन वाजता पुन्हा स्वयंपाकघरात जावं लागतं.