पॉइंट टू-टू रायफल रुसली? स्प्रिंग बदलण्याआधी या चुका टाळा

चांगल्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या गोळीच्या) रायफलच्या मालकाला तिच्याबद्दल विचारा. "इतक्या वर्षांत कधी त्रास दिला नाही" हे उत्तर ठरलेलं. पण त्याच्या शेजारी रेंजवर तासभर बसलात तर दिसेल की अधूनमधून त्यालाही अडायला होतं. एखादं काडतूस वाजत नाही, एखादी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) अडकते. तो थांबतो, काडतूस काढून उजेडात फिरवून बघतो, "हं" म्हणतो आणि पुढचं भरतो. नवा मालक त्याच ठिकाणी रायफल खराब ठरवून मोकळा होतो. मग नवी स्प्रिंग, नवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारं नख), नवा स्कोप (नेमाची दुर्बीण). बिचाऱ्या रायफलचा दोष बहुतेक वेळा नसतोच.

मीही यातून गेलो आहे. एका थंड सकाळी माझ्या बोल्ट ॲक्शन रायफलने (हिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, दर गोळीला हाताने ओढायचा) दहातली तीन काडतुसं वाजवलीच नाहीत. मी सरळ निष्कर्ष काढला की स्प्रिंग गेली. नवी मागवलीही. ती यायच्या आधी बोल्ट उघडला तर आत फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या) वाटेत तेल साचून त्याचा चिकट, काळपट लगदा झालेला. ते तेल आदल्या महिन्यात मीच प्रेमाने ओतलं होतं. थंडीत ते घट्ट झालं आणि पिनचा जोर मारला गेला. कोरड्या कापडाने पुसलं, जुनी स्प्रिंग परत बसवली, आजही तीच चालू आहे. नवी डबीत पडून आहे.

न वाजलेलं काडतूस फेकून देऊ नका, वाचा

सगळ्यात मोठी चूक हीच. काडतूस वाजलं नाही की लोक चिडून बोल्ट ओढतात आणि काडतूस बाजूला भिरकावतात. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, उशिरा पेटण्याचा धोका: कधी कधी प्रायमर (दारू पेटवणारा मसाला) दबकत पेटतो आणि काडतूस क्षणभर उशिरा वाजतं. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. दुसरी, त्या काडतुसावरचा पुरावा हातचा जातो.

पॉइंट टू-टू हे रिमफायर जातीचं काडतूस. त्यात प्रायमर मधोमध नसतो, तो तळाच्या बाहेर आलेल्या काठात असतो. कारखान्यात ओला मसाला पुंगळीत टाकून ती गरागरा फिरवतात, म्हणजे मसाला काठाच्या पोकळीत जाऊन बसतो. तो सगळीकडे सारखा बसला तर उत्तम. नाही बसला तर काठाचा एखादा तुकडा कोरडा राहतो आणि पिन नेमकी तिथेच आपटली की नुसता 'टक्' असा आवाज येतो. ही पद्धतच अशी आहे. म्हणून महागड्या डब्यातलं काडतूसही कधीमधी दगा देतं.

आता ते काडतूस चिमटीत धरा आणि काठावरची खूण बघा. खूण खोल, ठसठशीत असेल तर पिनने आपलं काम केलं आहे, दोष काडतुसाचा. खूण उथळ, नखाने ओरखडल्यासारखी असेल तर मारच कमी पडला: घट्ट झालेलं तेल, बोल्टमधली घाण, झिजलेली पिन आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. याच क्रमाने तपासा, उलट्या नाही.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. तेच काडतूस, न फिरवता, दुसऱ्या फटक्यात वाजलं तर बहुधा ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत) पूर्ण बसलंच नव्हतं. पहिल्या फटक्याचा जोर त्याला आत ढकलण्यात गेला, दुसरा कामी आला. म्हणजे चेंबर साफ करायची वेळ झाली. आणि ते अर्ध्या फेऱ्याने फिरवल्यावरच वाजलं, तर काठाच्या पहिल्या जागी मसाला कमी होता असं समजा.

एक सूचना मात्र कुठल्याही तपासाच्या वरची. धमाक्याऐवजी 'फुस्' असा दबका आवाज आला, धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला, तर पुढची गोळी अजिबात मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते बघा. नळीत गोळी असताना दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते, आणि पलीकडे तोंड असतं ते तुमचं.

जास्त साफसफाई

बंदूक म्हटली की रोज नळी घासायची, हा संस्कार मोठ्या रायफलींमधून आला आहे. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा हात दिलेली. तांब्याच्या आवरणाची गोळी नळीत जो थर सोडते तो इथे जवळपास नसतोच, त्यामुळे तांबं विरघळवणाऱ्या उग्र द्रावणांचं इथे काही काम नाही. उलट नळीत त्या मेणाचा पातळ थर बसला की नेम स्थिर होतो. नळी लख्ख करून रेंजवर गेलात तर पहिल्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातील, मग एकत्र यायला लागतील. काडतुसाचा ब्रँड बदलला तरी हेच होतं, कारण प्रत्येकाचा मेणाचा मसाला वेगळा. हे माहीत नसलेला माणूस तिसऱ्या गोळीलाच स्कोपची चकती फिरवायला लागतो आणि दुपारपर्यंत चकतीच फिरवत बसतो.

नळीचं खरं नुकसान होतं ते लोखंडी सळई तोंडाकडून आत घातल्याने. नळीच्या तोंडाची कड ही गोळी शेवटची सोडणारी जागा. तिथे सळई घासून एक बाजू झिजली की गोळी सुटतानाच कलते, आणि मग कितीही चांगलं काडतूस घाला. सळई मागच्या बाजूने, नळीच्या मधोमध धरणाऱ्या मार्गदर्शक नळकांड्यातून घाला. बोल्ट निघत नसेल अशी रचना असेल तर मागून पुढे ओढायची दोरी वापरा.

नेमकं जिथे घासायला हवं तिथे कोणी घासत नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे गोळी नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) भिडते, तिथे जळलेल्या दारूची कडक कडी साचते. ती वाढली की काडतूस बसायला जोर लागतो आणि नेमही विखुरतो. बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची खाच, तिथेही काळा मेणकट गोळा बसतो. पुंगळी निघत नाही म्हणून एक्स्ट्रॅक्टर बदलायच्या आधी त्या खाचेत दात घासायचा जुना ब्रश फिरवून बघा. पुष्कळांचा एक्स्ट्रॅक्टर असाच 'दुरुस्त' होतो.

छोट्या काडतुसांचाही याच्याशी संबंध आहे. पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस १८५७चं, लाँग रायफल (हेही काडतुसाचंच नाव) १८८७चं. शॉर्ट पुंगळीने तोकडं असल्याने लाँग रायफलच्या चेंबरमध्ये बसतं आणि वाजतंही. पण त्याची काजळी पुंगळीच्या तोंडापुढे कड्यासारखी साचते. शेकडो शॉर्ट मारून मग लाँग रायफल भरलं की ते अडकतं. शॉर्ट वापरल्यावर चेंबर घासा, इतकंच. मॅग्नम या वेगळ्या काडतुसाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही: १९५९ साली आलेल्या पॉइंट टू-टू मॅग्नमच्या रायफलमध्ये लाँग रायफल काडतूस ढिलं बसतं आणि वाजलं तर पुंगळी फाटते. "बसतंय की" हे कारण होऊ शकत नाही.

रायफलला काय आवडतं ते तिलाच विचारा

पॉइंट टू-टूचे मालक समाधानी आणि असमाधानी असे दोन गट पाडले तर फरक रायफलच्या किमतीत कमी आणि काडतुसात जास्त सापडेल, असं माझं मत आहे. एकसारख्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला एक काडतूस मानवतं, दुसरीला दुसरं. आधी सांगता येत नाही. पाच-सहा प्रकार प्रत्येकी एक डबा घ्या, ५० मीटरवर टेकण घेऊन प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारा, आणि प्रकार बदलला की आधीच्या मेणाचा थर जावा म्हणून थोड्या गोळ्या वाया घालवा. तीन गोळ्यांच्या एका सुंदर गटाचा फोटो काढून निकाल जाहीर करू नका. तीन गोळ्या नशिबानेही एका छिद्रात जातात.

वेगाचा मोह इथे उलटतो. साधारण वेगाची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. जास्त वेगाची ३८०च्या आसपास सुटते, आणि लक्ष्यावर पोहोचण्याआधीच आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरणीत तिला धक्के बसतात आणि वेगही झपाट्याने पडतो. म्हणून १०० मीटरवर आडव्या वाऱ्यात वेगवान गोळीच जास्त वाहत जाते. ऐकायला विचित्र, पण कागदावर दिसतं. स्पर्धेतले नेमबाज हळू काडतूस उगाच वापरत नाहीत. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४मध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य घेतलं, तो याच पॉइंट टू-टूचा प्रकार. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं.

पण सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) असेल तर हिशेब बदलतो. १९६४पासून चालत आलेली रूगर १०/२२ घ्या किंवा तसली दुसरी कुठली, त्यांचा बोल्ट मागे ढकलला जातो तो काडतुसाच्याच जोरावर. मंद काडतूस घातलं की बोल्ट अर्ध्यातून परततो, पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी राहते आणि मालक म्हणतो रायफल जाम होते. आधी जास्त वेगाचं काडतूस घालून बघा. त्यावर बिनचूक चालली तर रायफल ठणठणीत आहे.

जाम होण्याचं दुसरं कारण मॅगझिन (काडतुसं भरायची डबी). दोन-तीन मॅगझिन असतील तर तळाला रंगाने १, २, ३ असे आकडे टाका. दर वेळी दोन नंबरच अडत असेल तर रायफल उघडायची गरजच नाही, त्याचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का ते बघा. उभ्या मॅगझिनमध्ये आणखी एक खोड असते: भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे अडकला की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. प्रत्येक काडतूस भरताना आधीच्याच्या काठापुढे राहील असं सरकवा.

नेम सरकला म्हणजे

सगळे गट अचानक विस्कटले तर आधी स्क्रू. स्कोपच्या कड्यांचे, बेसचे, आणि रायफल दस्त्याला (खांद्याला टेकवायच्या भागाला) धरणारे. दस्त्याचे स्क्रू तर वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. हाताच्या अंदाजाने करकचून आवळूही नका. पुस्तिकेत आकडा असेल तर टॉर्क पान्याने तेवढाच.

मोठ्या रायफलचा जुना स्कोप चढवलेला असेल तर आणखी एक गोम. तसले स्कोप बहुधा १०० यार्डासाठी (सुमारे ९१ मीटर) जुळवलेले असतात. ५० मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकताना दिसते आणि दोष नळीवर जातो. रायफल टेकणावर पक्की ठेवा, हात न लावता डोकं वरखाली करा. क्रॉसहेअर हलली तर उत्तर मिळालं.

आणि ५० मीटरवर जुळवलेली रायफल १०० मीटरवर २० ते २५ सेंटिमीटर खाली मारते. ती तक्रार नाही, गुरुत्वाकर्षण आहे. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात आणखी १० सेंटिमीटर बाजूला.

रिकामा चाप ओढणं

मोठ्या रायफलींमध्ये सरावासाठी हे सर्रास चालतं. रिमफायरमध्ये समोर काडतुसाचा काठ नसला तर काही रचनांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. तिथे बारीक खोच पडते, धातू आत वळतो आणि त्यानंतर काडतूस बसायला किंवा निघायला कुरकुर करतं. काही उत्पादक पिनला अडसर देतात आणि रिकामा चाप चालेल असं पुस्तिकेत स्पष्ट लिहितात. तुमच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नसेल तर प्लास्टिकचं नकली काडतूस घाला. खोच पडलीच असेल तर घरी कानस घेऊन बसू नका, ते बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचं काम. चाप हलका करण्यासाठी घरच्या घरी घासाघाशी करणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकतही नाहीत. फक्त त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत नाही.

तपासणीला सुरुवात करताना क्रम चुकवू नका: आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने आणि करंगळीने खात्री. बोल्ट आधी मागेपुढे केला आणि मॅगझिन नंतर काढलं, तर चेंबरमध्ये नवं काडतूस जाऊन बसलेलं असतं आणि हातातलं मॅगझिन बघून माणूस निश्चिंत असतो. या इवल्याशा गोळीला खेळणं समजणाऱ्यांनी डब्यावरचा इशाराही वाचावा. ती दीड-दोन किलोमीटर जाते, आणि पाण्यावरून किंवा दगडावरून उसळून कुठल्या दिशेने जाईल ते कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या रायफलच्या पेटीत एक छोटी वही आहे. तारीख, काडतूस, त्याचा लॉट नंबर, किती वाजली, किती नाही, आणि न वाजलेल्याच्या काठावरची खूण खोल की उथळ. गेल्या खेपेला ५०च्या डब्यात एक अडलं. खूण खोल होती. पुढचं भरलं.