लोकर, सुया आणि एक मुडदा: विणणारीला डिटेक्टिव्ह करायचं असेल तर

माझ्या पहिल्या कोझी रहस्यकादंबरीचा ड्राफ्ट मी आत्याला वाचायला दिला होता, कारण आत्या गेली चाळीस वर्षं विणतेय आणि रहस्यकथा म्हणजे तिचा जीव की प्राण, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय तिने अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेत. तीन दिवसांत वाचून तिने कागद परत केले आणि म्हणाली, "खुनी मला ओळखता आला नाही ते सोड, पण तुझ्या बाईला विणता येत नाही गं." माझी नायिका रत्नागिरीत लोकरीचं दुकान चालवत होती, एका संध्याकाळी बसून अख्खा स्वेटर संपवत होती, आणि खुनाचा छडा लावत होती मोबाईलचा कॉल लॉग बघून. "आणि रत्नागिरीत मे महिन्यात लोकर घेणार कोण?" हे दुसरं वाक्य. तिसरं सांगत नाही.

तर त्या ड्राफ्टची वाट कशी लागली आणि तो परत कसा उभा केला त्यावरून हे लिहितेय, कुणाला असली कादंबरी मराठीत लिहायची हौस असेल तर उपयोगी पडेल.

कोझी म्हणजे काय ते पटकन सांगते. खून होतो पण रक्ताची थारोळी दाखवायची नाहीत, शिव्या नाहीत, बेडरूमचं दार बंद, गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि शोध लावणारी व्यक्ती पोलीस नसते. अमेरिकेत या प्रकारच्या पुस्तकांसाठी मॅलिस डोमेस्टिक नावाचं संमेलन १९८९ पासून भरतं आणि तिथे जे अगाथा पुरस्कार देतात त्यात ट्रॉफी म्हणून चहाची किटली मिळते, यावरून एकूण मूड काय असतो ते समजा. लांबी साधारण साठ ते ऐंशी हजार शब्द.

विणणारी बाई यात पहिल्यापासूनच आहे. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ मध्ये एका कथेतून आली, १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी, आणि १९२८ मध्ये पॅट्रिशिया वेंटवर्थची मिस सिल्व्हर, दोघींच्या हातात सुया. पण त्यांच्यासाठी विणकाम म्हणजे मुख्यतः बुरखा होता. कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीसमोर लोक काहीही बोलतात, कारण ती त्यांच्या हिशोबात नसतेच. कलाच पुस्तकाच्या मध्यभागी आणणारी लाट पुढे अमेरिकेत आली. १९९४ मध्ये अर्लीन फाउलरची बेनी हार्पर, जिच्या पुस्तकांची नावंच क्विल्टच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, नक्षींवरून आहेत, १९९९ मध्ये मोनिका फेरिसची बेट्सी, जिच्या बहिणीचा खून होतो आणि बहिणीचं भरतकामाचं दुकान हिच्या गळ्यात पडतं, मग २००५ मध्ये मॅगी सेफ्टनची केली फ्लिन. केली मला खास आवडते कारण तिला सुरुवातीला विणता येतच नाही, हिशोब ठेवणारी बाई, कोलोरॅडोत येते आणि लोकरीच्या दुकानातल्या बायका तिला शिकवतात. ज्या वाचकाला विणकामातलं ओ की ठो कळत नाही त्याच्यासाठी ही सोय फार चांगली, नायिकेसोबत तोही शिकतो आणि लेखकाला लेक्चर द्यावं लागत नाही.

आता मुद्दा, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात माझा हा एकच मुद्दा आहे. केस सुईने सुटली पाहिजे. तुमच्या नायिकेच्या हातातली सुई काढून लाटणं दिलं आणि तरी गोष्ट जशीच्या तशी राहत असेल तर ती विणणारीची गोष्ट नाही, कॉल लॉगची गोष्ट आहे. तिला असं काहीतरी दिसलं पाहिजे जे इन्स्पेक्टरच्या डोळ्यांसमोर असून त्याला दिसत नाही.

माझ्या ड्राफ्टमध्ये शेवटी काय केलं ते सांगते, पुस्तक कुठे छापून आलेलं नाही त्यामुळे रहस्य फुटायचा प्रश्न नाही. एक बाई जिन्यावरून पडून गेलीय. भाचा सांगतो की रात्री नऊपर्यंत मावशी मफलर विणत बसली होती, मी निघालो तेव्हा हातात सुयाच होत्या. नऊनंतर भाचा चारचौघांत होता. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करून मोकळे. मग मफलर नायिकेकडे येतो, अर्धवट, सुई अजून त्यात अडकलेली, घरच्यांनी म्हटलंय की पूर्ण करून दे, आठवण म्हणून ठेवू. ती उजेडात धरते. खालचा वीतभर भाग सैल, एकसारखा, मावशींचा हात. वरच्या बारा ओळी घट्ट, आणि त्यात एक सोडून एक ओळीतले टाके पिळलेले.

ज्यांनी विणलंय त्यांना इथेच कळलं असेल. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, म्हणून तर कुठलाही नमुना विणायच्या आधी दहा सेंटीमीटरचा तुकडा विणून टाके मोजतात, तीच लोकर, त्याच सुया, पण माझे बावीस तर तुमचे पंचवीस. आणि काही जणांना उलट टाका घालताना सुईवर लोकर उलट्या बाजूने घ्यायची सवय असते, मग पुढच्या सुलट ओळीत तो टाका पिळलेला बसतो. वर्षानुवर्षं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे त्या बारा ओळी मावशींनी विणलेल्याच नाहीत. नऊ वाजता मावशी जिवंत होत्या असं भासवायला कुणीतरी त्या घातल्या. आता गावात विणता कुणाकुणाला येतं, आणि त्यातली ही सवय कुणाची?

बघा, यात फॉरेन्सिक लॅब नाही, हॅकर नाही, फक्त एक मफलर. आत्याने हे वाचून "हं" म्हटलं. तिच्याकडून हं म्हणजे खूप झालं.

असा पुरावा शोधायला आपल्या कलेतल्या चुका आणि कटकटी आठवायच्या, कौतुकाच्या गोष्टी नाहीत. शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होतो, अ‍ॅक्रेलिकला काही होत नाही, तर घाईघाईत डाग धुणाऱ्याचा स्वेटर अचानक भाच्याला सोडा, बाहुलीला बसेल एवढा होतो. जळलेल्या धाग्याला केस जळल्यासारखा वास आला तर ती लोकर, कागदासारखा आला तर सुती, आणि वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. एकाच शेडच्या दोन गुंड्यांचा डाय लॉट, म्हणजे रंगवण्याचा घाणा, वेगळा असला की दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये कळत नाही पण उन्हात पट्टा दिसतो, म्हणजे संशयिताने लोकर एकदाच घेतली की परत येऊन घेतली ते कळतं. क्रोशात गोल रुमाल विणताना उजव्या हाताची बाई घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, डावरी सुलट दिशेने, आणि ते टाक्यांच्या कलावरून ओळखता येतं. जुनं म्हणून विकलेलं क्विल्ट यूव्ही टॉर्चखाली चमकलं तर धागा नवा असण्याची शंका येते, पण गंमत अशी की जुनं कापड हल्लीच्या डिटर्जंटमध्ये धुतलं तरी चमकतं, म्हणजे पुरावा आणि चकवा एकाच टॉर्चमध्ये मिळाला तुम्हाला, दोन्ही वापरा.

सुई भोसकून खून मात्र करू नका. सगळ्यांना पहिल्यांदा तेच सुचतं.

हा पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर आधीच ठेवायचा, नाहीतर ती फसवणूक होते. विणकामाचं वर्णन आलं की बरेच वाचक भरभर पुढे जातात, हे आपल्या पथ्यावर पडतं. चौथ्या प्रकरणात माझ्याकडे शिकवणीचा सीन आहे, सगळे हसतायत, कुणाचा टाका सुटलाय, कुणाचा चहा गुंड्यावर सांडलाय, आणि त्या गडबडीत नायिका एकाला म्हणते, "अहो, लोकर उलट्या बाजूने घेताय तुम्ही, पीळ पडतोय बघा." तीन गोष्टींच्या मधे ठेवली की खरी गोष्ट दिसत नाही. चहाच लक्षात राहतो.

जागा निवडताना आत्याचा मे महिना लक्षात ठेवा. लोकर हवी तर महाबळेश्वर, नाशिक, पुणे चालेल, कोकणात सुती दोऱ्याचा क्रोशा चालेल, देशावर गोधडी. गोधडीवर तर अख्खी मालिका होईल असं मला वाटतं, जुन्या साड्यांचे थर, दोन बाजूंना बसून धावदोरा घालणाऱ्या दोघी, दोघींच्या टाक्यांतलं अंतर वेगळं, आणि आतल्या थरात एक साडी जी "कधीच हरवली" असं सगळ्यांना सांगितलं गेलंय. माझी नायिका मी वाईत हलवली आणि दुकानाऐवजी तिला घरात शिकवण्या घ्यायला लावल्या, माल आणायला महिन्यातून एकदा पुण्याला बोहरी आळीत जाते, त्या बस प्रवासात मला दोन संशयित आयते भेटले. जागा अशी हवी की लोक तिथे नेमाने येतील आणि बसतील. हात कामात असले आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नसलं की माणसं काय काय बोलून जातात, कुठल्याही भिशीत जाऊन बघा.

पोलिसांचं काय? अमेरिकन कोझीत बऱ्याचदा नायिकेचा मित्र किंवा बॉयफ्रेंडच डिटेक्टिव्ह असतो आणि जेवताना केसची माहिती देतो. आपल्याकडे ते जरा अवघड वाटतं, पंचनाम्याच्या जागी शेजारीण आत शिरली असं लिहिलं तर पहिला कॉन्स्टेबल वाचकच पुस्तक मिटेल. त्यापेक्षा पोलिसांना तो अपघात वाटू दे. केस बंद झाली की नायिकेला मोकळीक. फक्त तिला यात पडायला सबळ कारण द्या, नुसतं कुतूहल पुरत नाही, तिच्यावर किंवा तिच्या जवळच्या कुणावर बालंट आलं पाहिजे.

बाकी मांडणी फार अवघड नाही. मुडदा पहिल्या पन्नास पानांत. संशयित चार-पाच, त्याहून जास्त झाले तर नावं विसरतात लोक. मध्यावर ज्याच्यावर पक्का संशय होता तो सुटला पाहिजे. आणि शेवटी नायिका एकटी खुन्याच्या घरी जाऊन "मला सगळं कळलंय" असं म्हणत असेल तर ते पान फाडा.

नावाची चिंता इंग्रजीवाल्यांना, सारखे श्लेष करावे लागतात त्यांना. आपल्या भाषेत तपासाचे शब्दच दोऱ्याच्या कामातले आहेत. पोलिसांना धागेदोरे मिळतात, प्रकरणाचा गुंता होतो, मग उलगडा होतो. इंग्रजीतला क्लू हा शब्दही मुळात दोऱ्याच्या गुंड्यासाठीच्या जुन्या शब्दावरून आलाय. त्यामुळे नाव शोधायला वर्तमानपत्राचं तिसरं पान उघडलं तरी पुरे.

शेवटची गोष्ट, पुस्तकाच्या मागे नमुना द्यायची पद्धत आहे, कथेतलाच मफलर किंवा टोपी. तो दुसऱ्याचा उचलू नका, स्वतः तयार करा आणि लिहिलेल्या कागदावरून दुसऱ्या कुणाला तरी विणायला द्या, तोंडी काही न सांगता. माझा मी आत्याला दिला. आठवड्याने फोन आला, "चौदाव्या ओळीत दोन टाके कमी पडतायत." मी म्हटलं थांब, दुरुस्त करून पाठवते. तर म्हणाली, "दुरुस्त कशाला करतेस, दुसऱ्या भागात घे की. नमुन्यात चूक होती आणि ती चूक जशीच्या तशी कुणाच्या तरी मफलरमध्ये सापडली."

दुसऱ्या भागाची चार प्रकरणं झालीयत.