ऑपरेशननंतर टाक्यांची जखम घरी कशी सांभाळावी

ऑपरेशन झालेलं माणूस घरी आलं की घरातल्यांचे हात शिवशिवतात. ड्रेसिंग उघडून बघावं, पुसावं, काहीतरी मलम लावावं असं वाटत राहतं. खरं तर टाके किंवा स्टेपल घालून बंद केलेली स्वच्छ जखम बहुतेक वेळा आपली आपण भरते. तिला हात कमीत कमी लागावेत, नजर मात्र रोज असावी. (उघडी ठेवलेली किंवा आत गॉज म्हणजे जाळीदार सुती कापड भरलेली जखम ही वेगळी गोष्ट, तिचं ड्रेसिंग नर्सकडूनच करून घ्या. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.)

पहिले ४८ तास

पट्टी उघडायची नाही. याच वेळात कातडीच्या कडा वरून मिटतात. पट्टीवर रक्ताचा छोटा डाग दिसला तर पेनने त्याच्याभोवती रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. डाग रेघेबाहेर पसरत चालला किंवा पट्टी ओलीचिंब झाली, तर लगेच दवाखान्यात फोन करा. ड्रेनची नळी (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी) असेल तर तिची पिशवी कायम जखमेच्या पातळीखाली ठेवा आणि रोज किती पाणी आलं, कोणत्या रंगाचं आलं, ते वहीत टिपा.

ड्रेसिंग बदलायचं असेल तेव्हा

सांगितलं असेल तेव्हाच, नाहीतर पट्टी भिजली किंवा सुटली तरच बदला. आधी सगळं सामान काढून ठेवा: निर्जंतुक गॉज, नॉर्मल सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी), चिकटपट्टी, कचऱ्याची पिशवी, स्वच्छ हातमोजे. मग साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. बोटांच्या बेचक्या आणि अंगठे हमखास राहून जातात, तिकडे लक्ष द्या.

जुनी पट्टी ओढून काढू नका. एका हाताने कातडी दाबून धरा आणि चिकटपट्टी केसांच्या दिशेने, कातडीला समांतर अशी हळूहळू सोडवा. गॉज चिकटलं असेल तर त्यावर सलाईन टाकून काही मिनिटं थांबा. सुकं गॉज खेचलं की त्याच्याबरोबर नवी कातडीही निघते. आता हातमोजे काढा, हात पुन्हा स्वच्छ करा आणि नवे हातमोजे घाला. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज टाक्यांवरून एकदाच फिरवा आणि टाकून द्या. बाजूची कातडी पुसायला दुसरं गॉज घ्या, आतून बाहेर जा. तेच गॉज परत जखमेवर आणायचं नाही. नवं गॉज कडेला धरून जखमेवर ठेवा. जखमेला टेकणाऱ्या भागाला बोट लागता कामा नये.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, पावडर, कपाटात उरलेलं अँटिबायोटिक मलम यातलं काहीही मनाने लावू नका. पेरॉक्साइडचा फेस बघून साफसफाई झाल्यासारखं वाटतं, पण त्याने नव्या पेशीही मरतात.

४८ तासांनंतर बहुतेकांना शॉवरखाली अंघोळ चालते, तरी आधी विचारून घ्या. पाणी जखमेवरून नुसतं वाहू द्या, चोळू नका, नंतर टिपून कोरडं करा. टबमध्ये बसणं आणि पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

रोज काय बघायचं?

पहिले काही दिवस कडांना जरा लाली, थोडी सूज, खाज, थोडं पातळ पिवळसर पाणी, एवढं चालतं. यात सगळ्यात बोलकी खूण म्हणजे वेदना. ती रोज थोडी थोडी कमी व्हायला हवी. कमी होऊन पुन्हा वाढली, ठणका लागला, तर जखम वरून कितीही छान दिसो, दाखवून या. पसरत जाणारी लाली, गरम लागणारी कातडी, घट्ट किंवा दुर्गंधीयुक्त पू, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. संसर्ग बरेचदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास डोकं वर काढतो, म्हणजे सगळे जरा सैल झालेले असतात तेव्हाच. तो ३० दिवसांपर्यंत होऊ शकतो आणि आत कृत्रिम सांधा वगैरे बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. रोज त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवलात तर फरक पटकन कळतो.

जखम भरायला मदत

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हे कुठल्याही मलमापेक्षा जास्त कामाचं. सिगारेट बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पडतो. आहारात प्रथिनं भरपूर हवीत.

चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, पोटावरचे किंवा हातापायांवरचे १० ते १४ दिवसांत. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं समजून लोक बादल्या उचलायला लागतात. पण तीन आठवड्यांनीही तिथे मूळ कातडीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद आलेली असते. पोटाचं ऑपरेशन असेल तर वजन कधीपासून उचलायचं हे विचारूनच ठरवा. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट दाबून धरायची.

टाके उसवले तर

पोटाच्या जखमेतून अचानक भसकन गुलाबी पाणी आलं, किंवा काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तर अँब्युलन्स बोलवा. पेशंटला उताणं झोपवून गुडघे वाकवा, तोंडाने काही देऊ नका, पाणीही नाही. आतडं बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेलं निर्जंतुक गॉज त्यावर अलगद ठेवा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते ओलं ठेवा.