कॅज्युअल्टीत म्हाताऱ्या पेशंटला औषध लिहिताना या चुका टाळा

"क्रिएटिनिन १.१ आहे सर, नॉर्मल." हे ऐकलं की माझं डोकं उठतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा कचरा; तो नॉर्मल म्हणून किडनी ठीक, असं नसतं. ७८ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजी घ्या. १४० वजा वय, गुणिले वजन. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असल्यास ०.८५ ने गुणा. हा किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते त्याचा अंदाज; उत्तर येतं जेमतेम ३०, म्हणजे किडनी बरीच कमजोर. अंगात मांसच उरलं नाही, तर क्रिएटिनिन वाढणार कुठून?

अशाच एक आजी गुडघा धरून आल्या होत्या. रात्रीचे दोन, बाकावर आणखी सहा जण. मी नवा होतो, घाईत होतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन ठोकलं, वर पाच दिवसांच्या गोळ्या. "काही चालू आहे का?" मुलगा म्हणाला, "बीपीची एक गोळी." चौथ्या दिवशी आजी परत. पाय सुजलेले, लघवी जवळजवळ बंद, रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं. तेव्हा कुठे सुनेनं औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. त्या 'एका गोळीत' टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही होतं. एकानं किडनीतून बाहेर जाणारी नळी सैल केली, दुसऱ्यानं अंगातलं पाणी कमी केलं आणि मी डायक्लोफेनॅकनं आत येणारी नळी आवळली. दोनदा डायलिसिस करावं लागलं.

तेव्हापासून पिशवी बघितल्याशिवाय मी पेन उघडत नाही. घरी राहिली असेल तर फोटो मागवतो. स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा; दोन डॉक्टरांच्या दोन नावांत एकच औषध निघतं. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक, वरून लावायचं जेल.

खाज आली की एव्हिल (अ‍ॅलर्जीचं जुनं औषध), ही सवय सोडा. म्हाताऱ्यांना टाळायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे, असली औषधं तिच्यात आहेत, वाचतं कोण? एव्हिलनं लघवी तुंबते, भ्रम होतो, आजोबा सलाइन उपटतात आणि इंटर्न त्यांना शांत करायला मिडाझोलाम हे गुंगीचं औषध मागतो. अरे, आधी पोटावर हात ठेव! मूत्राशय तट्ट फुगलेलं असतं.

चक्करेला स्टेमेटिल महिनाभर लिहू नका. त्यानंच हात थरथरायला लागले की कुणीतरी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू करतं.

ग्लिमेपिराइड या डायबेटिसच्या गोळीनं साखर उतरली असेल तर डेक्स्ट्रोजनं (साखरेच्या सलाइननं) आजोबा उठून बसले म्हणून घरी धाडू नका. गोळी पोटात आहे, पहाटे साखर पुन्हा उतरते. रात्रभर ठेवा, तासातासाला साखर बघा. नातेवाईक कुरकुरतील, कुरकुरू देत.