बॅटरीवर संशोधन करायचंय? आधी ओलाव्याशी ओळख करून घ्या

पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले ती जुलैच्या भर पावसात. पहिलंच काम होतं जास्त निकेल असलेल्या एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट आणि लिथियमचं ऑक्साइड) पावडरीचा कॅथोड, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीचा धन इलेक्ट्रोड, बनवायचं. कृती वाचायला सोपी: पावडर, कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ बाइंडर (कण चिकटवून धरणारा पॉलिमर) एनएमपी या द्रावकात कालवायचं, ॲल्युमिनियम फॉइलवर ब्लेडने पातळ थर ओढायचा, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायचा. पावडरीची बाटली उघडी ठेवून मी तासभर वजनं करत बसले. नंतर ढवळता ढवळता स्लरी, म्हणजे ते कालवण, घट्ट होत गेली आणि दही लागल्यासारखी थिजली. बाटली उपडी केली तरी थेंब खाली येईना. सीनियर दादाने काही न बोलता खिडकीबाहेरच्या पावसाकडे बोट दाखवलं.

अशा पावडरीच्या कणांवर थोडं लिथियम उरलेलं असतं. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचे अल्कधर्मी क्षार होतात, आणि त्यांच्यामुळे पीव्हीडीएफच्या साखळ्या एकमेकींत अडकून बसतात. तेव्हापासून माझ्या वहीत तारखेशेजारी खोलीची आर्द्रता असतेच. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लिहा.

इलेक्ट्रोलाइटला, म्हणजे लिथियम आयन वाहून नेणाऱ्या द्रवाला, तर पाण्याचं वावडंच. त्यातलं एलआयपीएफ६ हे लिथियमचं मीठ पाण्याशी भिडलं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. म्हणून सेल जोडायचा तो आरगॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत), जिथे पाणी आणि ऑक्सिजन एक पीपीएमच्या खाली ठेवतात. हे आम्ल सौम्य असेल तर कातडीवर लगेच झोंबतही नाही, पण आत मुरतं. त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठल्या कपाटात आहे आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे काम सुरू करण्याआधी स्वतः बघा. दुसऱ्यावर सोडू नका.

पहिले दोन-तीन महिने २०३२ या मापाचे नाणेसेल (नाण्यासारखे छोटे चाचणी-सेल) जोडण्यातच जातील. २० मिलिमीटर व्यासाची ती डबी जाड हातमोज्यांतून धरायची, सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा) सरकू द्यायचा नाही, बुडबुडा राहू द्यायचा नाही. तयार सेल धातूच्या चिमट्याने उचलू नका. दोन्ही बाजूंना चिमटा टेकला की शॉर्ट. आणि वजन! १२ मिलिमीटरच्या चकतीवर जेमतेम पाच मिलिग्रॅम पावडर असते, खालची फॉइलही जवळपास तेवढ्याच वजनाची. फॉइलचं वजन वजा करताना ०.२ मिलिग्रॅम चुकलं की क्षमतेचा आकडा चार टक्क्यांनी हलला. एका सेलने चांगला आकडा दिला म्हणून गाइडकडे धावू नका. एकाच दिवशी जोडलेले तीन सेल सारखे वागले, तरच तो निकाल.

बॅटरी तापून पेटू नये याची सुरक्षितता हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ग्राफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडवरचा एसईआय हा पातळ संरक्षक थर साधारण ८० ते १२० अंशांदरम्यान मोडू लागतो, पॉलिइथिलीनचा सेपरेटर १३० च्या आसपास वितळतो, आणि २०० च्या पुढेमागे चार्ज केलेला एनएमसी ऑक्सिजन सोडतो. प्रत्येक पायरीची उष्णता पुढची पायरी जवळ आणते. २०२२ मध्ये आपल्याकडे ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ या ई-वाहनांच्या बॅटरी-सुरक्षा मानकाचे नियम कडक झाले आणि चाचणीचं काम येणाऱ्यांची गरजही वाढली. एआरसी (ॲक्सिलरेटिंग रेट कॅलरीमीटर) या उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर बसायची संधी मिळाली तर सोडू नका. तिथे सेल थोडा तापवायचा, थांबायचं, तो स्वतःहून तापतोय का ते बघायचं, मग पुन्हा थोडा तापवायचा. मिनिटाला ०.०२ अंश एवढीशी वाढ पडद्यावर पहिल्यांदा दिसली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला घरी जाववेना.