स्कॉटलंडच्या बेटांवरच्या मुलांसाठी विंड कंपनीची स्कॉलरशिप: अर्ज कसा करायचा

शेटलंड, ऑर्कनी किंवा वेस्टर्न आइल्सवर राहत असाल आणि घरातलं पोर एस5 नाहीतर एस6 ला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, असेल, तर विंड फार्मच्या पैशातून मिळणाऱ्या स्कॉलरशिपा आत्ताच शोधायला लागा. ऑगस्टमध्ये रिझल्ट लागल्यावर बघू म्हणाल तर बऱ्याचदा तारीख निघून गेलेली असते. चांगली मुलं "ते इंजिनिअरिंगवाल्यांसाठी असेल" म्हणून अर्जच करत नाहीत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वारा त्यांच्याच बेटावरचा, टर्बाइन त्यांच्याच खिडकीतून दिसणारी, मग निदान फॉर्म तरी उघडून बघा ना.

आधी पैसा कुठून येतो ते बघा, त्यावरूनच अर्ज कुठे करायचा ते कळतं. जमिनीवरच्या विंड फार्मने आसपासच्या लोकांसाठी दर मेगावॅटमागे वर्षाला 5,000 पाउंड द्यावेत असं स्कॉटिश सरकारचं मार्गदर्शन आहे, कायद्याची सक्ती नाही. शेटलंडचं वायकिंग विंड फार्म 103 टर्बाइनचं, 443 मेगावॅटचं, म्हणजे या दराने हिशोब वर्षाला 22 लाख पाउंडांच्या वर जातो. असा पैसा सहसा स्थानिक ट्रस्ट किंवा कम्युनिटी फंडामार्फत वाटला जातो, त्यामुळे कंपनीच्या वेबसाइटवर शोधत बसलात तर हाताला काही लागणार नाही, ट्रस्टचं पान बघायचं. समुद्रातल्या प्रकल्पांचं वेगळं आहे. 2022 च्या स्कॉटविंडमध्ये, म्हणजे विंड फार्मसाठी समुद्रातल्या जागा भाड्याने देण्याच्या फेरीत, ज्यांना जागा मिळाल्या, म्हणजे ऑर्कनीच्या पश्चिमेला किंवा वेस्टर्न आइल्समधल्या लुइसच्या किनाऱ्यालगत, त्यांची टर्बाइन अजून उभी राहायचीयेत, तेव्हा असा डेव्हलपर स्कॉलरशिप देत असेल तर ती बहुतेक एखाद्या युनिव्हर्सिटीशी किंवा कॉलेजशी जोडलेली असणार, तिथल्या फंडिंग ऑफिसला मेल टाका. आणि तिसरा प्रकार म्हणजे लोकांच्याच मालकीची टर्बाइन, लुइसवरच्या स्टोर्नोवेजवळ पॉइंट अँड सँडविक ट्रस्टची आहेत तशी, 3 टर्बाइन, 9 मेगावॅट, नफा तिथल्याच कामांना. अशा ट्रस्टकडे शिक्षणासाठी काही आहे का हे सरळ फोन करून विचारायचं, लाजायचं काही कारण नाही. शाळेतल्या गायडन्स टीचरला तर सगळ्यात आधी विचारा, बरीच माहिती त्यांच्याकडे आलेली असते.

आता सास. स्टुडंट अवॉर्ड्स एजन्सी स्कॉटलंडला सगळे सासच म्हणतात. स्कॉटलंडमध्येच डिग्री करणार असाल आणि नियमात बसत असाल तर वर्षाची 1,820 पाउंड फी सास भरते, पण ती आपोआप भरली जात नाही, अर्ज दरवर्षी करावा लागतो, आणि सप्टेंबरमध्ये पैसे वेळेवर हवे असतील तर 30 जूनच्या आत. आपल्याकडच्या घरांत इथे एक मोठा प्रश्न असतो तो व्हिसाचा, किती वर्षं यूकेत राहिलो आणि कुठल्या व्हिसावर यावर सासचं उत्तर बदलतं, म्हणून ओळखीच्यांचं ऐकून काही ठरवू नका, सासलाच लेखी विचारा. शिवाय विंडच्या स्कॉलरशिपचा "बेटाचा रहिवासी" हा नियम वेगळा असू शकतो, कुठे बेटावरच्या शाळेत शिकलेलं चालतं, कुठे घराचा पत्ता लागतो, तेही बघून घ्या.

हे एवढं सांगतोय कारण याचा अर्जावर थेट परिणाम होतो. "मला फीसाठी मदत हवी" असं लिहिलंत आणि फी सास भरणार असेल तर वाचणारा म्हणेल मग याला पैसे कशाला? बेटावरून शिकायला जाणाऱ्याचा खरा खर्च राहण्याचा आणि येण्याजाण्याचा आहे. शेटलंडच्या लर्विकहून ॲबर्डीनला रात्रभराची बोट, 12 तासांच्या वर, स्टोर्नोवेहून उलापूलची फेरी आणि पुढे इन्व्हर्नेसपर्यंत बस, आणि हवा बिघडली की बोट रद्द, मग मुक्काम वाढला. ग्लासगोतलं पोर शनिवारी घरी जेवून परत येतं, तुमचं ख्रिसमसलाच येणार. हे आकडे लिहा, टर्ममागे किती फेऱ्या, तिकीट किती, रूमचं भाडं किती, हॉलचं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहाचं, डिपॉझिट किती, लॅपटॉप घ्यायचा असेल तर तोही. आणि बसचं भाडं त्यात धरू नका, 22 वर्षांखालच्यांना कार्डावर स्कॉटलंडभर बस फुकट आहे.

सगळ्यात जास्त वेळ स्टेटमेंटला द्या. "मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे" हे वाक्य शंभर जण लिहिणार, ते काढून टाका. कंपनीची स्तुतीही नको. त्यापेक्षा बेटावर राहून तुम्हाला जे कळलंय ते लिहा. उदाहरणार्थ ऑर्कनी वापरते त्याहून जास्त वीज वर्षाकाठी वाऱ्यापाण्यातून तयार होते, पण स्कॉटलंडच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या केबलची ताकद कमी म्हणून वारा जोरात असतानाच काही टर्बाइन बंद ठेवावी लागतात, आणि त्याच बेटांवर घर गरम ठेवणं लोकांना परवडत नाही. हे कोड्यासारखं आहे आणि ते सोडवायला फक्त इंजिनिअर पुरणार नाहीत. तुम्ही अकाउंट्सला जाताय? लिहा की कम्युनिटी फंडाचा पैसा कसा खर्च होतो हे तुम्हाला समजून घ्यायचंय. नर्सिंगला जाताय? थंड घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहा. मरीन बायॉलॉजीवाल्यांना तर सांगायलाच नको. असं काहीतरी:

"आमच्या गल्लीतल्या आजी हिवाळ्यात एकच खोली गरम करतात आणि त्यांच्या खिडकीतून टर्बाइन दिसतात. हे असं का, ते मला शिकायचंय."

दोन वाक्यं, पण वाचणारा थांबतो. अर्थात तुम्ही पाहिलेलंच लिहा, हे उचलू नका. यूकासचं, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या अर्जातलं, पर्सनल स्टेटमेंट तसंच्या तसं इथे चिकटवू नका, तिथे कोर्सबद्दल सांगायचं असतं, इथे बेट आणि तुम्ही.

मिळाली म्हणून लगेच सही करू नका, आधी अटी वाचा. पैसे एकदाच की दरवर्षी, दरवर्षी असतील तर किती मार्क लागतात, कोर्स किंवा युनिव्हर्सिटी बदलली तर काय, वर्ष राहिलं तर परत करायचे का, उन्हाळ्यात कंपनीत काम करणं ऐच्छिक आहे की सक्तीचं, फोटो आणि नाव जाहिरातीत वापरणार का. बेटांवर विंड फार्मवरून घराघरांत मतभेद आहेत, त्यामुळे फोटोचा मुद्दा किरकोळ समजू नका. माझं मत विचाराल तर पैसे घेतले म्हणून प्रकल्पाच्या बाजूने बोललंच पाहिजे असं नाही, पण तसं बंधन अटीत कुठे लिहिलेलं असेल तर सही करण्याआधीच कळलेलं बरं. स्कॉटलंड सोडून इंग्लंडला जाणार असाल तर आणखी नीट वाचा, कारण तिथे 2025-26 ला फी 9,535 पाउंडांपर्यंत होती आणि त्यासाठी सास फी भरत नाही, कर्ज देते. उलट यूएचआयमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द हायलंड्स अँड आयलंड्समध्ये, घरी राहूनच डिग्री करणार असाल तर स्कॉलरशिप तरीही लागू आहे का ते विचारून घ्या.

वेळेचं म्हणाल तर रेफरन्ससाठी शिक्षकांना ऑक्टोबरच्या सुट्टीआधी सांगा, यूकासचा अर्ज बहुतेक कोर्सेसना जानेवारीच्या मध्यापर्यंत, मेडिसिनवाल्यांना 15 ऑक्टोबर. पत्त्याचा पुरावा, मार्कशीट आणि ऑफर लेटर एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. स्कॉलरशिप मिळाली की सासला आणि युनिव्हर्सिटीच्या फंडिंग ऑफिसला लेखी विचारा की बाकीच्या बर्सरीवर, म्हणजे परत न करायच्या मदतीवर, याचा परिणाम होतो का, आणि आलेलं उत्तर त्याच फोल्डरमध्ये टाका.